गोल्डस्ट्रॉंचं वळण

लॉरी सुटून बरीच वर्षं झाली होती, पण हेडली ग्रॅटनचा डावा पाय काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. मुलीच्या छोट्या गाडीत तो शेजारी बसलेला असायचा, आणि समोर चढ दिसला रे दिसला की पाय आपसूक पुढे सरकून क्लच शोधू लागायचा.

"बाबा, गाडी मी चालवतेय," लिनेट म्हणाली.

"मग गिअर खाली घे ना. कण्हतेय बघ कशी."

"तिचं ती घेते. ऑटोमॅटिक आहे."

"म्हणूनच कण्हतेय," हेडली म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

लीक गावच्या दवाखान्यातून दोघं बक्स्टनला घरी परतत होते. हमरस्त्यावर दुधाचा टँकर आडवा झाला होता आणि पोलिसाने सगळ्या गाड्या माळावरच्या जुन्या रस्त्याला लावल्या होत्या. पोलिसाचा हात कुठे दाखवतोय ते बघून हेडली सावरून बसला. या रस्त्यावर तो किती वर्षांत आला नव्हता. येऊ नकोस असं कुणी सांगितलं नव्हतं. पण वाट वाकडी करून यावं असं कारणही उरलं नव्हतं, आणि कारणाशिवाय कुठे जायची त्याला सवय नव्हती. उभा जन्म तो जिथे खडी हवी असेल तिथे गेला होता.

खडी स्वेन अँड मार्चिंग्टनची. खाण त्यांची, चुन्याच्या भट्ट्या त्यांच्या, लॉऱ्याही त्यांच्याच. गर्द तांबड्या लॉऱ्या, दारावर सायीच्या रंगात कंपनीचं नाव. एक म्हातारा रंगारी ते नाव हाताने काढायचा आणि वाळेपर्यंत कुणाला दाराला हात लावू द्यायचा नाही. दुपारपर्यंत मात्र सगळ्या लॉऱ्यांचा रंग एकच व्हायचा, धुळीचा. ड्रायव्हरांचाही तोच. "आधी अंगणात स्वतःला झटकून ये," बायको ऑड्री दारातूनच ओरडायची, "नाहीतर माझ्या पावावर तूच पीठ पेरशील."

पहाटे आवारात एकेक इंजिन खोकत खोकत सुरू व्हायचं, निळा धूर कमरेइतका साचायचा, आणि त्या धुरातून मुकादम पर्सीचा आवाज यायचा, "काय रे हेडली, आज बायकोने लवकर हाकललं वाटतं?" रोज कुणाची ना कुणाची अशी पूजा व्हायची. हेडलीला आता सगळ्यात जास्त आठवायचं ते हेच. आता त्याला कुणी काही बोलायचं नाही. दुकानातली पोरगीसुद्धा जपून बोलायची, जणू तो काचेचा आहे. खाणीचं तळं झालं होतं, पर्सी गेला होता, ऑड्री गेली होती, आणि सकाळी त्याला जाग यायची ती शांततेने.

गाडी चढाला लागली. दगडी कुंपणांच्या रांगा, मेंढ्या, वारा. लिनेट एकदम म्हणाली, "बाबा, हाच ना तो रस्ता? तुम्ही मला सुट्टीत लॉरीतून आणायचात तो?"

"हो, हाच."

"आणि इथेच पुढे कुठेतरी तुम्ही हॉर्न वाजवायचात. मी विचारलं की म्हणायचात, मेंढ्यांसाठी."

"मेंढ्या असतातच इथे."

"मेंढ्या सगळीकडेच होत्या, बाबा. हॉर्न मात्र एकाच ठिकाणी वाजायचा."

हेडलीने वळून तिच्याकडे बघितलं. लहानपणी जी पोर खाऊच्या पुडीत तोंड घालून बसलेली असायची, तिच्या हे लक्षात राहिलं असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

ते त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात सुरू झालं होतं. बर्फ नाताळानंतर पडायला लागला तो थांबेचना. स्टोकच्या पोलाद कारखान्याला चुनखडी हवीच होती, तेव्हा पर्सीने हेडलीला भरलेली फोडेन लॉरी घेऊन पाठवलं. "माळावरून जा, वाऱ्याने तिथला बर्फ उडाला असेल," पर्सी म्हणाला. वाऱ्याने बर्फ उडवला होता खरा, पण तो सगळा आणून एका वळणावर घातला होता. दुपारची वेळ असूनही समोरचं काही दिसत नव्हतं. लॉरी त्या ढिगात नाक खुपसून बसली ती बसलीच. तेव्हाच्या लॉरीत गरम हवा कसली, गुडघ्यांवर गोणपाट टाकायचं आणि इंजिनाच्या झाकणावर हात शेकायचे. इंजिन बंद पडलं तसं तेही गेलं.

त्याला शोधलं ते एका कुत्र्याने आणि कुत्र्यामागून आलेल्या नोआ गोल्डस्ट्रॉने. नोआ हेडलीच्याच वयाचा, रुंद आणि तुसडा. दार उघडून त्याने आत पाहिलं आणि म्हणाला, "मेलास का?"

"अजून नाही."

"मग उतर. मेल्यावर तुला उचलायला मी परत येणार नाही."

वळणाच्या वरच गोल्डस्ट्रॉंचं घर होतं. घरात नोआचे म्हातारे चुलते अमोसकाका छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले, नोआ, आणि त्याची बहीण मिरियम. मिरियमने हेडलीला चुलीपुढच्या खुर्चीत ढकललं, त्याचे बूट ओढून काढले आणि पाय पाहून म्हणाली, "बोटं आहेत जागेवर. मोजून घे, राजा, नंतर आमच्यावर आळ नको."

राजा ती सगळ्यांनाच म्हणायची. गाईलाही, पाववाल्यालाही. त्या भागात तशी रीतच आहे. हेडलीला जन्मापासून ते ठाऊक होतं, तरी त्या दिवशी तो शब्द त्याने पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकला.

जवळजवळ आठवडाभर तो तिथे अडकला. बसून खायचा त्याचा स्वभाव नव्हता. नोआबरोबर त्याने बर्फात गाडल्या गेलेल्या मेंढ्या लांब काठ्यांनी चाचपून बाहेर काढल्या. आवारात काचेसारखा बर्फ झाला होता आणि गाई पाण्यापर्यंत जाईनात, तेव्हा त्याने लॉरीच्या हौद्यातली खडी फावड्याने काढून गोठ्यापासून पाण्यापर्यंत पसरली. मिरियम दुसऱ्या बाजूने पसरत होती. तिचे हात पुरुषासारखे मोठे होते आणि फावडं ती त्याच्याहून सफाईने मारायची.

"कंपनीला काय सांगशील, खडी गेली कुठे?" तिने विचारलं.

"वाऱ्याने उडाली म्हणून सांगेन."

"तुझ्या डोक्यातलीही थोडी उडालेली दिसते," ती म्हणाली.

रोज ती तव्यावर ओटची धिरडी घालायची, वर चीज वितळवायची. खाताना कुणी फारसं बोलायचं नाही. भांडी घासताना मात्र ती चर्चमधलं काहीतरी खालच्या पट्टीत गुणगुणायची, आणि आतून अमोसकाका खोकत खोकत तिच्या चुका काढायचे. हेडली ओली भांडी पुसत उभा राहायचा. पहिल्याच दिवशी त्याने सांगून टाकलं होतं की वसंतात त्याचं लग्न आहे, मुलीचं नाव ऑड्री. सांगितलं हे बरं केलं असं त्याला तेव्हा वाटलं. तिसऱ्या चौथ्या दिवशी तितकंसं बरं वाटेना.

शेवटच्या दिवशी आकाश मोकळं झालं. बर्फ काढणारं यंत्र येतंय का ते बघायला दोघं घरामागच्या टेकाडावर चढले. खाली सगळा मुलूख पांढरा, कुंपणंसुद्धा दिसत नव्हती.

"हा रस्ता पुढे जातो कुठे?" मिरियमने विचारलं. ती लीकच्या बाजारापलीकडे कधी गेली नव्हती.

"स्टोक. तिथून पुढे मग कुठेही. लिव्हरपूलपर्यंत नेलीय मी खडी. बोटी असतात तिथे, घराएवढ्या. दाखवीन तुला एकदा."

मिरियम त्याच्याकडे वळली. चिडलेली नव्हती. "तुझं लग्न ठरलंय ना?"

"हो."

"मग असलं बोलू नये, राजा. मी खरं धरते."

खाली यंत्राची घरघर ऐकू यायला लागली. दोघं उतरायला लागले. अर्ध्या उतारावर ती म्हणाली, "जाता येता हॉर्न वाजव. लांब एकदा, मग छोटे दोन. म्हणजे कळेल तू आहेस आणि धड आहेस. तेवढं पुरे."

त्याने वाजवला. वसंतात लग्न झालं, ऑड्री चांगली होती, संसार चांगला झाला. लिनेट झाली. आणि वळणावर आलं की लांब एकदा, मग छोटे दोन. वर कुंपणाशी कुणीतरी उभं असायचं आणि पांढरं फडकं हलायचं. फडकं म्हणजे मिरियमचा एप्रन असणार. चेहरा एवढ्या लांबून दिसायचा नाही. तो कधी थांबला नाही. थांबायला वेळच नसायचा, फेऱ्या ठरलेल्या असायच्या, असं तो स्वतःला सांगायचा. खरं म्हणजे उतरल्यावर बोलायचं काय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

ऑड्रीचं दुसरं मूल जन्मताच गेलं, त्या वर्षी तो महिनोन्महिने कुणाशी धड बोलत नव्हता. घरी ऑड्री भिंतीकडे तोंड करून पडलेली. सकाळी लॉरीत बसायचं, चढाला लागायचं आणि फक्त एवढीच वाट बघायची, की वर ते पांढरं हलेल. ते हलायचं. मग पुढचा दिवस ढकलता यायचा.

पुढे स्वेन अँड मार्चिंग्टन एका बड्या कंपनीने घेतली. तांबड्या रंगावर दुसरा रंग चढला, माणसं पांगली, हेडलीला शेफील्डच्या बाजूच्या खाणीवर धाडलं. या रस्त्यावरच्या त्याच्या शेवटच्या फेरीला दाट धुकं होतं. त्याने हॉर्न वाजवला, काच खाली करून बघितलं, पुन्हा वाजवला. धुक्यात काही हललं की नाही ते त्याला कळलं नाही. मागे दुसरी लॉरी होती, थांबता येईना.

"थांबव," हेडली म्हणाला.

लिनेटने गाडी बाजूला घेतली. वळण आलं होतं. हेडलीने हॉर्नकडे बघितलंही नाही. दुसऱ्याच्या गाडीचा, चिमणीसारखा चिवचिवणारा हॉर्न तो. त्याने पट्टा सोडला आणि उतरून वर चालायला लागला. लिनेट धावत मागे आली.

आवारात एक म्हातारा काठीवर रेलून कुत्र्याला शिव्या देत होता. रुंदी कमी झाली होती, तुसडेपणा तेवढाच होता.

"रस्ता खाली आहे," तो ओरडला. "टँकर पडलाय म्हणून आज सगळं जग आमच्या दारात."

"नोआ," हेडली म्हणाला, "मी अजून मेलो नाही."

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "खडीवाला," अखेर तो म्हणाला. "वाऱ्याने खडी उडवलेला." मग लिनेटकडे वळून म्हणाला, "तुझ्या बापापायी मी काय सोसलंय ते माहीत आहे का तुला, पोरी?"

"काय सोसलंत?"

"एप्रन! वर्षानुवर्षं एप्रन हलवला मी!"

हेडलीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"मिरी लग्न करून मॅकल्सफील्डला गेली ना, पेंडवाल्याबरोबर," नोआ सांगू लागला. "जाताना मला बजावून गेली, तो हॉर्न वाजवेल तेव्हा बाहेर यायचं, एप्रन हलवायचा. नाहीतर त्याला वाटेल इथे कुणाचं काही बरंवाईट झालं. म्हटलं, वाटू दे. तर म्हणाली, शपथ घे. घेतली. गोठ्यात असो, जेवायला बसलेला असो, हा बाबा भोंगा वाजवणार आणि मी काठीला एप्रन बांधून पळणार. शेजारचे हसायचे मला. नवरा वारल्यावर ती परत आली तेव्हा सुटलो एकदाचा."

"कधी परत आली?" हेडलीने विचारलं.

ती गेली कधी, आली कधी, दोन्ही नोआने आठवून सांगितलं. हेडलीने मनाशी वर्षं ताडून पाहिली. बाळ गेलं ते वर्ष मधेच येत होतं. त्या सगळ्या सकाळी कुंपणाशी मिरियम नव्हती. हा माणूस होता, घास अर्धा टाकून धावत आलेला, बर्फात, पावसात, शिव्या देत.

हेडली हसायला लागला. हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि लिनेटने त्याचा दंड धरला. त्याने पुढे होऊन नोआचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडेचना.

"अरे, पुरे," नोआ म्हणाला. "शपथ घेतली होती म्हणून केलं." पण हात त्याने सोडवून घेतला नाही. मग मान घराकडे वळवून म्हणाला, "आत आहे ती. मोठ्याने बोल. दगडाला ऐकू येईल, तिला येत नाही."

मिरियम खिडकीशी बसली होती. केस पांढरे, पाठ ताठ, मोठे हात मांडीवर. तिने हेडलीला आपादमस्तक पाहिलं, मग त्याच्या बुटांकडे पाहिलं. "बोटं आहेत का सगळी?" तिने खणखणीत आवाजात विचारलं.

"आहेत!" हेडली ओरडला.

"काय?"

"आहेत म्हणतोय तो!" नोआ दारातून त्याच्याही वर ओरडला.

लिनेटने चहा केला. हेडली मिरियमसमोर बसला. इतकी वर्षं चढावर जे जे तो मनात तिच्याशी बोलला होता, ते सगळं ओठांशी आलं, आणि ते आता मुलीच्या आणि भावाच्या देखत ओरडून सांगायचं होतं. असलं काही ओरडून सांगता येतं का?

"रस्ता चांगला केलाय!" तो ओरडला.

"हो, केलाय," ती म्हणाली. मग चहाचा कप फिरवत, बहिऱ्या माणसाच्या मोकळ्या मोठ्या आवाजात ती बोलू लागली. "लिव्हरपूल पाहिलं मी. नवऱ्याबरोबर गेले होते. बोटी होत्या, पण घराएवढ्या काही नव्हत्या. तू फुगवून सांगितलं होतंस."

"तेव्हा मोठ्या असायच्या!"

"पहिल्या वर्षी मी धिरड्यांचं पीठ जास्त भिजवायची," ती म्हणाली. "वाटायचं, थांबेल एखाद्या दिवशी. चहापुरता."

लिनेटने नजर कपात वळवली.

"मग सोडलं. बरं झालं नाही थांबलास, राजा. थांबला असतास तर पाववाल्यासारखाच तूही झाला असतास, पाय पूस म्हणून ओरडावं लागलं असतं." ती हसली, आणि त्या हसण्यात क्षणभर फावडं मारणारी पोरगी दिसून गेली. हेडली तिच्याकडे बघतच राहिला.

शेवटच्या फेरीचं त्याने विचारलं. धुकं होतं, मी दोनदा हॉर्न वाजवला, तू बाहेर होतीस का? नोआने तिच्या कानाशी जाऊन ते पुन्हा सांगितलं. मिरियमने कपाळाला आठ्या घालून खूप आठवून पाहिलं.

"धुकं इथे नेहमीच असतं," ती म्हणाली. "असेन. नसेनही. नाही आठवत."

त्यानंतर हेडली अधूनमधून तिथे जायला लागला. लिनेट त्याला सोडायची, बाजार करून यायची. नोआ त्याला येताना बघून काहीतरी खवचट बोलायचा, आणि हेडली त्या बोलण्यासाठी आदल्या दिवसापासून ताजातवाना असायचा. मिरियमच्या शेजारी तो बसायचा. ओरडून ओरडून दोघं दमायची, मग नुसतीच बसायची. ती अगदी हाताच्या अंतरावर असायची. आणि तरी हेडलीला कुंपणाशी उभी असलेली ती लहानशी, चेहरा न दिसणारी बाई हवीहवीशी वाटत राहायची, लॉरीच्या काचेतून, चढावरून, तिशीतल्या डोळ्यांनी बघितलेली. हे दुःख जाईल असं त्याला पहिल्या दिवशी वाटलं होतं. ते गेलं नाही. फक्त त्याला आता बसायला जागा मिळाली होती.

एकदा मार्चमध्ये ते असेच खिडकीशी धिरडी खात बसले होते. खालच्या रस्त्यावरून एक गाडी आली. दगडी कुंपणामागून निघाली, वळणावर दिसली आणि टेकाडाआड गेली. हेडलीने घास घेण्याआधीच गेली. त्याने पुढची गाडी यायची वाट पाहिली. तीही तशीच, आली न आली तोच नाहीशी झाली.

लॉरीतून त्याला वरचं छप्पर आणि कुंपण चढभर दिसत असायचं, म्हणून त्याला वाटायचं घरातूनही लॉरी तशीच चढभर दिसत असेल. इथून तर रस्त्याचा हातभर तुकडा दिसत होता. हॉर्न ऐकून मग बाहेर यावं म्हटलं, तर दार उघडेपर्यंत लॉरी निघून गेलेली असणार. भोंगा वाजल्यावर पळायचो, हे नोआने उगाच कुरकुरायचं म्हणून सांगितलं होतं. म्हणजे हॉर्न वाजायच्या आधीच कुणीतरी हातातलं काम टाकून कुंपणाशी जाऊन उभं राहत होतं. रोज.

"एवढंच दिसायचं?" त्याने विचारलं.

मिरियमला ऐकू आलं नाही. ती रस्त्याकडेच बघत होती. त्याने पुन्हा विचारलं नाही. गार झालेलं धिरडं त्याने मधून मोडलं आणि अर्धं तिच्या बशीत ठेवलं.